ज्याचा विषय, त्यानं बोलायचं नाही

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी वाळक्यांची बैठक बसली. विषय एकच होता. दिग्विजयला संध्याकाळी सहाच्या आत शिरूरच्या पुढच्या निवासी अकादमीत पोचवायचं होतं आणि त्याआधी त्याच्या आजोबांचा, म्हणजे आबांचा होकार हवा होता.

वाघोलीतल्या त्यांच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीचा सातवा मजला, मधल्या भिंती पाडून एक केलेले तीन फ्लॅट आणि त्यातली सर्वांत मोठी खोली. गावाचं शहर झालं, पण या खोलीत नियम आबांचाच होता. ज्याचा विषय असेल त्यानं जमिनीवर बसायचं आणि बोलायचं नाही. दिग्विजय टीव्हीखाली मांडी घालून बसला होता. वय चौदा, इयत्ता नववी, उंचीने वडिलांच्या पुढे दोन बोटं. अकरा दिवसांपूर्वी त्याने वर्गातल्या आनंदला मारलं होतं. आनंदच्या ओठाला तीन टाके पडले. तेव्हापासून शाळेने दिग्विजयला घरी बसवलं होतं.

"मी थोडक्यात सांगतो," संतोष म्हणाला. आबांचा थोरला मुलगा. खडी-वाळूचा धंदा त्याने एकट्याने वाढवला होता आणि घरातले प्रश्नही तो ट्रक लावल्यासारखे एकामागे एक लावत असे. "पोरगं पाचवीपासून घसरतंय. आता हात उचलला. शाळा म्हणते, आनंदच्या घरचे हो म्हणाले तरच परत घेऊ. ते आपल्याशी बोलायला तयार न्हाईत. मी चारदा फोन केला. अकादमीनं माझ्या शब्दावर जागा धरलीय, आज सहापर्यंत. उद्या ती दुसऱ्याला. सकाळी प्रवेशाची लेखी परीक्षा, ती नावापुरती. तिथं पहाटे उठवत्यात, पळवत्यात, फोन काढून घेत्यात. शिस्त लागंल. संपला विषय."

"संपला होता तर बैठक कशाला बोलावलीत, अण्णा?" तनुजाने विचारलं. ती दिग्विजयची आई.

"तुझ्या मॅडमसाठी. तूच बोलावलंस त्यांना."

पूर्णिमा मॅडम दिग्विजयच्या वर्गशिक्षिका. मूळच्या वाशीमकडच्या, सहा वर्षांपासून पुण्यात. समोरच्या चहावर साय धरली होती. त्यांनी कप बाजूला सरकवला.

"मी एकच गोष्ट सांगायला आले आहे," त्या म्हणाल्या. "दिग्विजयला वाचता येत नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी डंपर मागे घेत होतं. त्याची पिपाणी बराच वेळ ऐकू येत राहिली.

"म्हंजे अभ्यास येत न्हाई," संतोष म्हणाला.

"अभ्यास येतो. तोंडी विचारलं तर वर्गात पहिल्या पाचात येईल. वाचता येत नाही. अक्षर ओळखतो, पण ओळ जुळत नाही. एक शब्द लावेपर्यंत वर्ग पुढच्या पानावर गेलेला असतो. त्या दिवशी मी रजेवर होते. दुसऱ्या सरांनी त्याला उभं केलं आणि धडा वाच म्हणाले. तो सहा मिनिटं पुस्तक धरून उभा होता. मुलं हसली. आनंद शेजारी बसतो, तो सर्वांत मोठ्यानं हसला."

"मग आता हसणारा गुन्हेगार का?"

"नाही. गुन्हा मारणाऱ्याचाच. ज्याला तुम्ही आळस म्हणताय तो आळस नाही, एवढंच माझं म्हणणं आहे."

तनुजाला हे मॅडमकडून गुरुवारीच कळलं होतं. तीन दिवस तिने ते कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आत्ता तिने रणजितकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता, नजर फरशीवर. बैल, गोठा आणि टेम्पो सोडून घरातल्या कुठल्याही विषयावर तो बोलत नसे, म्हणून त्याच्या गप्प बसण्याचं कुणाला काही वाटलं नाही.

"मॅडम, आपण शिकलेल्या," संतोष म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता, म्हणजे तो आता टोचणार होता. "आम्ही आपले गावठी. पण आमच्या यात्रेला आपण आला असता तर बरं झालं असतं. वाचता येत न्हाई म्हणे! राजनंदिनी, लाव गं तो व्हिडिओ."

संतोषची मुलगी राजनंदिनी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. ती जागची हलली नाही.

"पप्पा, राहू दे ना."

"लाव म्हणलं ना."

तिने फोन टीव्हीला जोडला. चैत्रातली यात्रा दिसू लागली. बैलगाडा शर्यतीचा चढता घाट, दोन्ही अंगांना माणसांच्या भिंती, धूळ. नेहमीच्या निवेदकाचा घसा सकाळीच बसला होता, म्हणून ऐन वेळी माईक या पोराच्या हातात दिला होता. एका हातात माईक, दुसऱ्या हातात कागद. टोकन नंबर, गाडामालकाचं नाव, गाव, बैलांची नावं, गेल्या साली किती सेकंदांत घाट चढला, त्याच्या आदल्या साली किती. एक गाडा वर पोचायच्या आत पुढच्याचं नाव सुरू. कुठे अडखळणं नाही, कुठे श्वास घेतल्याचं कळत नाही. एक गाडा उधळून गर्दीकडे वळला तेव्हा त्याने आवाज न चढवता डावीकडच्या लोकांना मागे सरकायला सांगितलं. दहा हजार माणूस त्या आवाजावर मागे सरकलं.

पूर्णिमा मॅडम पुढे झुकून बसल्या. दोन वर्षांत या मुलाच्या तोंडून त्यांनी सलग चार वाक्यं ऐकली नव्हती. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला त्या बाकं भिंतीला लावून मुलांना गोलात बसवत. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी हसायचं नाही, एवढीच अट. कुणी वडिलांबद्दल बोलला होता, कुणी नापासाच्या भीतीबद्दल, एकजण रडलाही होता. दिग्विजयची पाळी आली की तो "पास" म्हणायचा.

"एकशे सेहेचाळीस गाडे," संतोष म्हणाला. "चार तास. यादी ह्याच्या हातात. आता सांगा, ती कुणी वाचली?"

"जरा थांबवा," मॅडम म्हणाल्या. "तो कागद मोठा करता येईल?"

राजनंदिनीने चित्र थांबवलं आणि मोठं केलं. कागद स्पष्ट दिसला. वर मधोमध लाल रंगात गणपती होता. खाली सोनेरी अक्षरं.

"ही लग्नपत्रिका आहे," तनुजा सावकाश म्हणाली. "माझ्या मावसबहिणीच्या मुलीची."

आबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वय चौऱ्याहत्तर. घाटावरच्या याद्या त्यांनी पन्नास वर्षं पाहिल्या होत्या. "यादीत गणपती कुठनं आला?" ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. दिग्विजयची मान खाली गेली होती.

"यादी मी वाचली होती, आबा," राजनंदिनी म्हणाली. "सकाळी गाडीत. एकदाच. नुसता माईक धरला तर लोकांना डाऊट येईल म्हणून त्यानं डॅशबोर्डवरची पत्रिका उचलली." ती थांबली, मग सगळं एका दमात बोलून गेली. "पाचवीपासून त्याचे सगळे धडे मी वाचून फोनवर रेकॉर्ड करून देते. तो गोठ्यात बसून ऐकतो. आधी मला वाटलं, आळशी आहे. मग कळलं. मग त्यानं शपथ घातली."

"चार वर्षं?" संतोषने विचारलं. "आन् बापाला सांगायचं न्हाई?"

"तुम्ही ओरडला असतात."

"मग आत्ता काय करतोय?"

"आत्ता विचारताय, पप्पा. पहिल्यांदाच."



आबांनी हात वर केला. ते कुणावर विश्वास ठेवत नसत, स्वतःच्या डोळ्यांवर तेवढा ठेवत. बैल घेतानाही दात पाहिल्यावर त्याला दोन वेळा चालवून बघायचे. दाराजवळ सोसायटीची नोटीस पडली होती. पाण्याच्या टाकीच्या बैठकीला न आलेल्या सभासदांची नावं, मराठीत. त्यांनी ती राजनंदिनीला दिली.

"वाच. एकदाच. भराभर."

तिने वाचलं. अडतीस नावं, प्रत्येकापुढे फ्लॅटचा नंबर. वाघोलीत आता सगळा देश राहायला आला होता. उस्मानाबादचे, हैदराबादचे, पाटण्याचे, कोलकात्याचे. तेलुगू नावांवर तिची जीभ वळेना. दीड मिनिट लागलं.

"सांग," आबा दिग्विजयला म्हणाले.

दिग्विजयने डोळे मिटले. उजव्या हाताचं एक बोट फरशीवर हलकं आपटू लागलं आणि नावं यायला लागली. पहिलं, दुसरं, पाचवं, अकरावं. नंबरांसकट, त्याच क्रमाने. संतोष यादीवर बोट ठेवून तपासत होता. तेविसाव्या नावाला मुलगा थांबला. संतोषची मान वर झाली.

"इथं ताई अडखळली होती," दिग्विजय म्हणाला. "दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली ते बरोबर असंल." आणि पुढे गेला.

तिसाव्या नावाच्या आसपास संतोषने यादीवरचं बोट उचललं. तो आता यादीकडे पाहत नव्हता.

अडतिसावं नाव संपलं. एवढं काही आपल्या घरात, आपल्याच ताटाला ताट लावून जेवत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे आबांना एकदम समजलं, आणि ते समजणं अंगावर आलं.

तरीही त्यांना दुसरी बाजू पाहायची होती. त्यांनी यादी मुलाच्या हातात दिली.

"आता हेच वाच."

"आबा, नको," तनुजा म्हणाली.

"वाचू दे."

नावं त्याला पाठ होती. नजर कागदावर ठेवून म्हणून टाकली असती तर कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. त्याने तसं केलं नाही. त्याने पहिल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ओठ हलले. आवाज आला नाही. बोट पुढे गेलं, मागे आलं. कानामागून घाम उतरला.

भिंतीला टेकलेला रणजित हे पाहत होता. पहिलं अक्षर धरलं की दुसरं सुटतं. दुसरं धरेपर्यंत पहिलं काय होतं ते आठवत नाही. आणि समोरची माणसं वाट पाहतात, त्यांच्या वाट पाहण्याला वजन असतं, ते मानेवर बसतं. हे सगळं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ते छत्तीस वर्षं माहीत होतं आणि त्याला तो "डोकं नसणं" म्हणत आला होता.

तो उठला. मुलाच्या शेजारी, जमिनीवर येऊन बसला. कागद त्याच्या हातातून घेतला.

"दे. मी वाचतो."

"रणजित, त्याला वाचायचंय," संतोष म्हणाला.

रणजितने बोट ठेवलं. "उ," तो म्हणाला. "उत्. उत्त." बोट थांबलं. "उत्तरे. उत्तरेश... श्वर. उत्तरेश्वर."

पुढच्या शब्दावर गेला. "ब. बद..." कपाळावर घाम आला. त्याने तो पुसला नाही. "बद्री. नाथ."

उत्तरेश्वर बद्रीनाथ. आडनाव अजून राहिलं होतं. इथपर्यंत पोचायला रणजितला एक मिनिट वीस सेकंद लागले. राजनंदिनीने नंतर सांगितलं की तिची नजर उगीचच घड्याळावर होती.

तनुजा नवऱ्याकडे पाहत होती. सोळा वर्षं. हॉटेलात मेनू तिच्याकडे सरकवून "तुला आवडंल ते सांग" म्हणणारा. बँकेतला प्रत्येक अर्ज "तुझं अक्षर चांगलं हाय" म्हणून तिच्याकडून भरून घेणारा. याला ती प्रेम समजत आली होती. ते प्रेम नव्हतं असंही आता म्हणता येत नव्हतं. सोळा वर्षं एक माणूस दिवसाचा प्रत्येक तास इतक्या काळजीने रचत होता आणि शेजारी झोपणाऱ्या बायकोला त्याचा सुगावा लागला नव्हता. तिला राग यायला हवा होता. ती नुसती थक्क झाली.

मुलगाही वडिलांकडे पाहत होता. डोळे मोठे करून, जणू यात्रेतला माईक त्यांच्या हातात होता.

"पप्पा," तो हळू आवाजात म्हणाला, "पुढं 'गायकवाड' आहे."

"थांब," रणजित म्हणाला. "लावतो मी."

आणि त्याने ते लावलं.

पहिला बोलला तो संतोष. "तू सातवीत होतास," तो म्हणाला. "धडा वाचंना म्हणून मी तुला पट्ट्यानं मारलं होतं."

"आठ येळा."

"मला वाटलं, तू मुद्दाम..."

"मलाबी तसंच वाटायचं, अण्णा," रणजित म्हणाला. "मीच मुद्दाम करतोय का काय. दुसऱ्या दिवशी आबांनी बैलांकडं लावलं. मला वाटलं, सुटलो."

आबांनी रणजितच्या हातातली यादी काढून घेतली. मग म्हणाले, "त्या दिवशी तुला कुणी इचारलं न्हवतं."

"नियमच हाय तसा."

रणजितच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

संतोष मॅडमकडे वळला. धंद्यातल्या माणसासारखं त्याने सरळ विचारलं, "उपाय काय?"

"सरकारी रुग्णालयात तपासणी होते. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जास्त वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. शिवाय रोज अर्धा तास वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागेल, ते मी करीन. वाचन सुधारेल. किती, ते मी आज सांगू शकत नाही." त्या थांबल्या. "उरलेलं अर्धं जास्त अवघड आहे. चार वर्षं या मुलाची सगळी ताकद कुणाला कळू न देण्यात गेली. मित्र केला तर त्याला कळेल, म्हणून मित्र नाही. बोलता आलं असतं तर त्यानं हात उचललाच नसता, असं मी म्हणणार नाही. पण बोलायला एखादी जागा असायला हवी होती."

"आन् अकादमीत?"

"तिथं उद्या प्रवेशाची लेखी परीक्षा आहे. तुम्हीच सांगितलंत."

संतोषने कपाळ चोळलं. आता त्याचा आवाज खरा होता. "मान्य. सगळं मान्य. पण आनंदचा बाप न्हाई म्हणाला तर? सहा वाजले की ही जागा गेली. शाळा घेईना, अकादमी ठेवंना. पोरगं वर्षभर घरी बसंल. मग काय करायचं ते कुणीतरी मला सांगा. मी वाईट माणूस न्हाई."

त्याची भीती खरी आहे, हे मॅडमनी मान हलवून कबूल केलं.

आबा खुर्चीतून उठले. गुडघे धरत, एकेक करत, ते खाली फरशीवर बसले. नातवाच्या समोर.

"दिग्या," ते म्हणाले. "विषय तुझा हाय. तूच बोल."

दिग्विजयने आधी आईकडे पाहिलं, मग राजनंदिनीकडे. मग कुणाकडेच नाही.

"आनंदकडं जायचंय," तो म्हणाला.

"माफी मागाया?"

"हां. त्याच्या घरी. शाळेत नको. शाळेत सगळे बघतात, मग ती त्यांना दाखवायला मागितल्यासारखी होईल."

"ते दार उघडणार न्हाईत," संतोष म्हणाला.

"न उघडू दे. मी जाणार."

"काय बोलशील?" आबांनी विचारलं.

"ठरलंय माझं."

"कवा ठरलं?"

"मारलं त्याच दिवशी. संध्याकाळी."

"मग अकरा दिवस बोलला का न्हाईस?"

मुलाने आबांकडे पाहिलं. त्यांच्या नियमाची त्यांनाच आठवण करून द्यावी की नाही, हे तो ठरवत होता. त्याने दिली नाही.

"आन् अकादमी?" संतोषने विचारलं.

"आनंदला भेटलो की सांगतो. ते नाही म्हणाले तर जाईन मी. तिथं जाऊन पहिल्याच दिवशी सांगून टाकीन, मला वाचता येत नाही म्हणून. ठेवलं तर ठेवलं."

पूर्णिमा मॅडमनी पर्समधून रुमाल काढला आणि उगीच चष्म्याच्या काचा पुसल्या.

"मी येतो संगं," संतोष म्हणाला. "माझ्या शब्दाला..."

"नको, अण्णा," रणजित म्हणाला. "मी जातो."

थोरल्या भावाला त्याने नाही म्हटल्याची ही घरातली पहिली नोंद होती. संतोषने ते ऐकलं आणि बेडरूममध्ये जाऊन दिग्विजयची भरलेली बॅग स्वतः उचलून आणली. "डिकीत ठेवतो," तो म्हणाला. "आनंदकडनं, खराडीतनं, साडेचारला निघालं तर सहाला पोचता येतं. न्हाई लागली तर परत आणा. काय तिला कुणी खात न्हाई."

जेवणं झाली. मॅडम दीड वाजता गेल्या. लोकांच्या दुपारच्या झोपेत नको, म्हणून तीन पस्तीसला राजनंदिनीने गाडी काढली. पुढे रणजित, मागे दिग्विजय. वाघोलीपासून खराडीपर्यंत रविवार असूनही वाहनं चिकटून उभी होती. दिग्विजयचे ओठ अधूनमधून हलत होते.

आनंदच्या सोसायटीबाहेर चार वाजून बारा मिनिटांनी ते उतरले. राजनंदिनी समोरच्या बाजूला गाडी लावून आतच थांबली. तिथून गेटवरची चौकी सरळ दिसत होती.

वॉचमनने काहीतरी विचारलं. रणजितने उत्तर दिलं. मग वॉचमनने टेबलावरचं जाड रजिस्टर फिरवून त्यांच्याकडे केलं आणि दोरीला बांधलेलं पेन पुढे धरलं. राजनंदिनीला अशी रजिस्टरं पाठ होती. नाव, कुठून आलात, फ्लॅट नंबर, भेटीचं कारण. तिचा हात आपोआप दाराच्या खटक्यावर गेला. चार वर्षं ती हेच करत आली होती.

रणजितने पेनाकडे पाहिलं, मग मुलाकडे. वॉचमनने रजिस्टर परत स्वतःकडे ओढलं, बहुधा मी लिहितो म्हणाला असावा. दिग्विजयने नकारार्थी मान हलवली आणि पेन घेतलं.

राजनंदिनीने खटक्यावरचा हात काढला.

तो वाकला. मागे पार्सल घेऊन आलेला एक मुलगा उभा राहिला, वाट पाहून कंटाळला, वॉचमनला काही सांगून आत गेला. दुसरा आला, तोही गेला. एक गाडी गेटात येऊन हॉर्न वाजवू लागली. रणजित सरकला तो गाडीला वाट द्यायला नाही. तो मुलाच्या मागे, गाडीकडे पाठ करून उभा राहिला. तिकडून डोकावणारी नजर त्याच्या पाठीवर अडत होती. हॉर्न वाजत राहिला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

चार बावीसला दिग्विजयचा हात पानाच्या उजव्या टोकाला पोचला होता, भेटीच्या कारणाच्या शेवटच्या रकान्यात. तो अजून लिहीत होता. साडेचारला आठ मिनिटं होती आणि वॉचमनने आनंदच्या घरी अजून फोन लावलेला नव्हता.